आईंच्या खांद्यावर

माझी मुलगी ईशानी चार महिन्यांची असताना मी माझ्या सासूबाईंना एक वाक्य बोलले. त्या वेळी शेजारची कांचनबेन खोलीत होती, म्हणून ते आम्हा तिघींना माहीत होतं. ते वाक्य मी पुढे लिहिणारच आहे. पण आधी आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी मुळातच तशी आहे. तशी मी आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९९६ साल होतं. आम्ही बडोद्याला कारेलीबागेत एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. माझे पती प्रतापसिंह मोहिते वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. सकाळी साडेसहाला कंपनीची बस पकडायचे, संध्याकाळी घरी यायचे. त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या पलटणीत होते. त्या काळातलं घरात आता काही नव्हतं, फक्त नावं तेवढी भारदस्त राहिली होती. सासरे फत्तेसिंहराव आमच्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाई इंदिराबाई आमच्याजवळ असायच्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, उंच, सडपातळ, बोलणं अगदी मोजकं. गुडघे दुखायचे, पण तेही त्यांच्या चालण्यावरून कळायचं, तोंडून नाही.

मी नोकरी करत होते. तेव्हा नव्या खासगी बँका निघाल्या होत्या, त्यातल्या एकीची शाखा अलकापुरीत उघडली होती. काचेची दारं, थंडगार हॉल, प्रत्येकासमोर कॉम्प्युटर. आम्हा मुलींना एकसारख्या निळ्या साड्या. जुन्या सहकारी बँकेतली नोकरी सोडून मी इथे आले होते आणि मला त्याचा गर्व होता. तीन महिन्यांची बाळंतपणाची रजा संपली की त्याच दिवशी हजर व्हायचं, हे मी स्वतःच ठरवलं होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

माझ्या आईला दमा, म्हणून बाळंतपण बडोद्यातच झालं. ईशानी तिसऱ्या आठवड्यापासून दूध टाकायला लागली. सगळीच बाळं थोडं टाकतात, पण हिचं थोडं नसायचं. पाजलं, ढेकर काढली, खांद्यावरून उतरवली की घळकन सगळं बाहेर. कधी लगेच, कधी तासाभराने दह्यासारखं फाटलेलं. कधी नाकातूनही यायचं आणि मग ती घाबरून लाल व्हायची, पाठ कमानीसारखी ताणून रडायची. दिवसाला दहा-बारा दुपटी, सहा-सात झबली. गॅलरीत दोऱ्या कमी पडायला लागल्या. घराला आंबट वास लागला तो कायमचाच. पाहुणे आले की मी उदबत्ती लावायची, आणि पाहुणे ईशानीला मांडीवर घेतो म्हणाले की आधी त्यांच्या मांडीवर दोन दुपटी पसरायची.

प्रत्येकाकडे उपाय होता. नजर काढा, गुटी द्या, हिंग लावा, दूध बदला, तूच तिखट खाणं बंद कर. मी तिखट बंद केलं, मग डाळी बंद केल्या. दुसरा महिना संपताना मी पावडरचं दूध चालू केलं, कारण कामावर जायचं होतं आणि कारण मनातून मला वाटायला लागलं होतं की माझं दूधच वाईट आहे. हे मी कोणाला बोलले नाही. लस टोचायला डॉ. वैष्णवांकडे नेलं, तेव्हाही दूध टाकण्याबद्दल विचारलं नाही. त्या म्हाताऱ्या बालरोगतज्ज्ञ, आईचंच दूध पाजा म्हणून बायांना फैलावर घेणाऱ्या. त्या काय पाजतेस विचारतील आणि भरल्या दवाखान्यात मला सांगावं लागेल, या भीतीने मी लस टोचून घेतली, वजनाचा कागद न बघताच पर्समध्ये घातला आणि काढता पाय घेतला.

कामावर जायच्या आदल्या दिवशी मी चार महागाच्या बाटल्या आणल्या आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळं शिकवलं. बाटल्या उकळायच्या कशा, पावडर किती, पाणी किती. आणि बजावलं, "गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, काढा नाही. दुधाशिवाय काही तिच्या तोंडात जायला नको."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या बरं म्हणाल्या आणि माझा विश्वास बसला नाही. त्याला कारणही होतं. लग्नानंतर वर्षभराने एकदा प्रतापसिंहांनी मला सांगितलं होतं की त्यांच्या आधी आईंना एक मुलगी झाली होती, ती तान्ही असतानाच गेली. कशाने, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात तो विषय कोणी काढत नसे. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. पण ईशानी दूध टाकायला लागल्यावर त्या गोष्टीला माझ्या मनात वेगळंच वळण लागलं. या बाईंच्या हातून एक मूल गेलेलं आहे, असं मला आईंकडे बघताना वाटू लागलं. असं वाटतंय याची शरमही वाटायची. पण वाटायचं थांबायचं नाही.

महिनाभर तसंच चाललं. मी बँकेत जायची, संध्याकाळी येऊन आधी दुपट्यांचा ढीग बघायची आणि मग ईशानीकडे. ढीग कमी होत नव्हता. मी विचारायची, "किती वेळा टाकलं?" आई म्हणायच्या, "टाकलं थोडं." त्या 'थोडं'चा मला राग यायचा.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी घाईत मी ईशानीला पाजलं आणि निघताना तिने माझ्या खांद्यावर गुळणी काढली. मी पदराची घडी बदलून डाग आत घेतला आणि तशीच निघाले, दुसरी निळी साडी वाळत होती. त्या दिवशी अहमदाबादहून आमचे मोठे साहेब आले होते. हॉलमध्ये गर्दी होती. माझ्या काउंटरसमोर एक वयस्कर व्यापारी बसले होते, भला माणूस. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, वास घेतला आणि सहज म्हणाले, "बेन, अहीं क्यांक दूध फाटी गयुं लागे छे." इथे कुठेतरी दूध नासलंय वाटतं.

साहेब माझ्या मागेच उभे होते. ते हसले, म्हणाले, पँट्रीत बघून घ्या. शिपाई खरंच बघायला गेला. माझ्या शेजारच्या मुलीला माहीत होतं वास कुठून येतोय. तिने ड्रॉवरमधून स्प्रे काढला आणि माझ्या खुर्चीमागे फवारला. मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. साडेअकराला डोकं दुखतंय सांगून मी घरी निघाले. रिक्षात मी रडले नाही. मला कोणाचा तरी गुन्हा शोधायचा होता.

आमचं दार दिवसा उघडंच असे. आत आई भिंतीला पाठ टेकून पलंगावर बसल्या होत्या, ईशानी त्यांच्या छातीशी उभी धरलेली, मान खांद्यावर. आईंच्या ब्लाउजची एक बाजू ओली. समोर खुर्चीवर कांचनबेन साडीला फॉल लावत होती. ती फॉल-बिडिंगची कामं घ्यायची आणि दुपारी आमच्याकडे येऊन बसायची.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चांदीचं बोंडलं होतं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं ते चोचीचं जुनं भांडं. ओलं होतं. त्याच्या शेजारी वाटीत पिवळट तपकिरी पाणी होतं, त्याला ओव्याचा आणि बडीशेपेचा वास. कपाट उघडलं. माझ्या चार बाटल्यांपैकी तीन कोरड्या ठणठणीत, जशा लावल्या होत्या तशा.

मी वाटी हातात घेऊन बाहेर आले. "हे काय आहे?"

"माझा काढा आहे," आई म्हणाल्या.

"आणि बोंडलं? बाटल्या तर तुम्ही हातातही घेतलेल्या नाहीत."

"बाटलीनं ती हवा गिळते गं. बोंडल्यानं घोट घोट घेते. दूधच देते मी, तू सांगितलंस तेवढंच."

"मला शिकवू नका," मी ओरडले. "म्हणून रोज ओकते ती. तुम्ही काढे पाजता आणि मला 'टाकलं थोडं' सांगता."

"मृदुला, नाही गं पाजत."

कांचनबेन उठून उभी राहिली होती. तिला जायचं होतं, पण वाटेत मी उभी होते. आणि तेव्हा मी ते बोलले. मी म्हणाले, "एक घालवलीत ना तुमच्या हातांनी? आता माझीही घालवायची आहे का?"

आईंचा चेहरा बदलला असं मी सांगू शकत नाही, कारण मी बघितलं नाही. त्या सावकाश उठल्या, गुडघ्यावर एक हात देऊन. माझ्याजवळ आल्या, ईशानीचं तोंड पदराने टिपलं आणि तिला माझ्या खांद्यावर दिली.

"आत्ताच प्यालीय," त्या म्हणाल्या. "अर्धा तास आडवी करू नको."

मग त्या आतल्या खोलीत गेल्या. त्यांचे मोठे भाऊ दत्ताजीराव करजणला राहत, तिथे त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. आई दोन साड्या पिशवीत घालून चार वाजता डेपोवर निघाल्या. मी थांबा म्हटलं नाही. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलेला हात तेवढा मला दिसला.

संध्याकाळी प्रतापसिंह आले. "आई कुठे?"

"करजणला गेल्या. मामांकडे. चार दिवस राहून येते म्हणाल्या."

"अशी अचानक?"

"वाटलं असेल जावंसं," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझंच मला आश्चर्य वाटलं. त्यांनी मामांच्या दुकानात फोन केला. आई पोचल्या होत्या, फोनवर आल्या आणि त्यांनीही तेच सांगितलं, वाटलं म्हणून आले. माझं खोटं त्यांनी सांभाळून घेतलं. त्यासाठी मी त्यांचे आभार मानायला हवे होते, पण मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

मी चार दिवसांची रजा टाकली. आता सगळं माझ्या हातात होतं. उकळलेल्या बाटल्या, मोजून पावडर, दुधाशिवाय एक थेंब नाही. पहिल्या दिवशी ईशानीने अकरा वेळा दूध टाकलं. दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं. बाटली ती अधाशासारखी ओढायची, मग पोट फुगायचं, मग पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. मी तिला पाळण्यात ठेवायची कारण भांडी पडलेली असायची, कपडे पडलेले असायचे, आणि पाळण्यात पाठ टेकली की दूध वर. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मी जेवले नव्हते. तिला खांद्यावर उभी धरली की ती शांत व्हायची, खाली ठेवली की रडायची. हे मला तीन दिवसांत कळलं. आईंना ते महिनाभर कळत होतं.

ओव्याचा काढा कोणासाठी होता, तेही त्याच दिवशी कळलं. कांचनबेन तीन दिवस आमच्याकडे फिरकली नव्हती. मीच तिच्या दारात गेले, ईशानीला घेऊन. विचारलं, "कांचनबेन, आई तिला काय पाजायच्या? तुम्ही रोज असायचात. खरं सांगा."

ती माझ्याकडे बघत नव्हती. "दूध," ती म्हणाली. "बीजुं कंई नहीं. मासी तो एने नीचे मूकतांज नहोतां." मग ती तिच्या गुजराती-मराठीत सांगत गेली. दुधाशिवाय दुसरं काही नाही. मासी मुलीला खाली ठेवतच नसत. घोट घोट पाजायच्या, मग अर्धा-पाऊण तास तशाच उभ्या धरून बसायच्या, भिंतीला टेकून. हलल्या की ती टाकते म्हणून हलायच्या नाहीत. जेवण दोन-तीनला, कधी चारला. मग पोटात गॅस धरायचा, म्हणून स्वतःसाठी ओवा-बडीशेप उकळून घ्यायच्या. गुडघे आखडायचे. कांचनबेन म्हणायची, द्या माझ्याकडे, तुम्ही जेवा. तर म्हणायच्या, तू शिवण कर.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही विचारलं होतं?" कांचनबेन म्हणाली. मग लगेच घाबरून, "चा पीशो?" मी नको म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी मी डॉ. वैष्णवांकडे गेले. गर्दी कमी होती. या वेळी मी सगळं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यापासून दूध टाकते, कधी नाकातून, पाठ ताणून रडते. आणि हो, दोन महिन्यांपासून पावडर देते. मी मान खाली घालून ओरडा खायला बसले. त्यांनी ओरडा दिला नाही. ईशानीला तपासलं, पोट चाचपलं, काट्यावर ठेवलं.

"जन्माच्या वेळी किती होती?"

"दोन किलो नऊशे."

"आता सहा किलो शंभर आहे. मागच्या लशीला आली तेव्हापासूनही चांगलं वाढलंय." त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. मग एकेक विचारत गेल्या. उलटी हिरवी असते का? रक्त दिसतं का? जोरात लांब उडते का? लघवी नीट होते का? मी नाही, नाही, नाही, हो म्हणाले.

"मग ऐक. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथलं तोंड लहान बाळात ढिलं असतं. दूध वर येतं. हिचं जरा जास्त ढिलं आहे. तुझं दूध वाईट नाही आणि कोणाची नजर नाही. बसायला लागेल तसं कमी होईल, वर्षाच्या आत बहुतेक जातं. तोवर थोडं थोडं पाज, जास्त वेळा पाज. मधे ढेकर काढ. बाटली सोड, वाटी-चमचा किंवा बोंडलं वापर. आणि पाजल्यावर अर्धा तास उभी धरायची. लंगोट पोटावर आवळायचा नाही. तुझं दूध अजून येतंय ना? मग सकाळ-संध्याकाळ तेच दे. हिरवी उलटी झाली, वजन थांबलं, प्यायलाच नाही म्हणाली, तर मात्र लगेच आण." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "दिवसा कोण सांभाळतं हिला?"

"सासूबाई."

"नशीबवान आहेस. एवढं टाकणारं मूल असं वाढवायचं म्हणजे कुणीतरी बसून राहावं लागतं."

मी तिथेच रडायला लागले. आणि मग, का कोण जाणे, मी त्यांना ते वाक्य सांगितलं. जसं बोलले होते तसंच, शब्द न बदलता. बाहेर दोन बायका थांबल्या होत्या. डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं.

"त्यांची मुलगी कशाने गेली?"

"माहीत नाही. तीस-बत्तीस वर्षं झाली असतील."

"मग आज कोणीच सांगू शकणार नाही. पण दूध टाकतं म्हणून मूल सहसा जात नाही. त्या काळी मुलं जायची ती इतर दहा गोष्टींनी. एवढं माझं नाव घेऊन सांग त्यांना." त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दवाखान्यातून मी घरी न जाता डेपोवर गेले. करजणची बस मिळाली. हायवेला लागेपर्यंत ईशानीने एकदा माझ्या साडीवर आणि एकदा शेजारच्या म्हातारीच्या ओढणीवर दूध टाकलं. मी माफी मागितली तर म्हातारी म्हणाली, "धावणुं छोकरुं छे, तो करे." अंगावर पिणारं मूल आहे, करणारच. ती ओढणी झटकून पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. चार महिने मी ज्याची शरम बाळगली होती ते तिला झटकून टाकण्याएवढंच वाटलं. आता मला शरम होती ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती झटकता येणारी नव्हती.

मामांचं घर दुकानाच्या मागे. मामी मला बघून म्हणाल्या, "अगंबाई, ये ये, फोन तरी करायचास!" त्यांना काही माहीत नव्हतं. आई मागच्या पडवीत सुपात तूर निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. त्यांची नजर आधी ईशानीच्या गळ्याकडे गेली, दुपटं ओलं होतं तिथे.

"कधी प्याली?"

"बसमध्ये बसायच्या आधी."

मामी चहा टाकायला गेल्या. मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आई, माझं चुकलं. मी बोलले ते… मला माफ करा."

त्यांनी बोटाने तुरीतला एक खडा शोधून बाजूला केला.

"कांचनबेननं सांगितलं. तुम्ही जेवतही नव्हता वेळेवर. डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही करत होता तेच बरोबर. मी उगाच…"

"तारा नाव होतं तिचं," आई म्हणाल्या.

मी ईशानीला खांद्यावर नीट धरलं.

"दोन महिने आणि वीस दिवसांची. तीही अशीच टाकायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, बाधा आहे. दोरे बांधले. तेव्हा आम्ही बाबाजीपुऱ्यात राहायचो, पाण्याचा नळ पार टोकाला. त्या दिवशी मी तिला पाजली, झोळीत निजवली आणि पाण्याला गेले. रांग होती. परत आले तर गार." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "दूध घशात गेलं, की ताप होता, की आणखी काही, कोणी बघितलं नाही. डॉक्टरकडे न्यायची पद्धत नव्हती. त्यामुळे तू बोललीस ते खोटं आहे, असं मला म्हणता येत नाही गं. मी बत्तीस वर्षं तेच म्हणतेय."

मी क्षमा मागायला आले होते, आणि ज्याबद्दल क्षमा मागायची ते माझ्या आवाक्यातलं नव्हतंच. मी जिथे बोट ठेवलं होतं तिथे त्या स्वतः रोज बोट ठेवत होत्या. मी ते चार माणसांत ठेवलं, एवढाच फरक.

मग मला डॉक्टरांचा निरोप आठवला. "आई, मी डॉ. वैष्णवांना विचारलं. त्या म्हणाल्या, दूध टाकतं म्हणून मूल सहसा जात नाही. दुसऱ्या कशाने गेली असेल. त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय."

"सहसा," आई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी तो शब्द तेवढा घेतला आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, "तिला माझ्याकडे दे आणि चहा पी. सकाळपासून उपाशी असशील."

त्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या नाहीत. "येईन," म्हणाल्या, "आज नाही." मीही हट्ट धरला नाही. हट्ट धरायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही. मी रजा वाढवली. साहेबांनी फोनवर नापसंती दाखवली, मी रजेचं खरं कारण सांगितलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली न करता सांगितलं. आठ दिवस मी ईशानीला बोंडल्याने पाजलं आणि भिंतीला टेकून उभी धरून बसले. अर्धा तास किती मोठा असतो ते मला तेव्हा कळलं. नवव्या दिवशी मामा आईंना सोडून गेले.

त्या आल्या त्या दुपारी मी कांचनबेनला हाक मारली. ती बिचारी सुई-दोरा घेऊनच आली. मी तिच्यासमोर म्हणाले, "त्या दिवशी मी आईंना जे बोलले ते खोटं होतं आणि वाईट होतं. तुमच्यासमोर बोलले, म्हणून तुमच्यासमोरच सांगते." कांचनबेन इतकी अवघडली की तिने फॉलला दोनदा गाठ मारली. आई म्हणाल्या, "पुरे आता, जा, कुकर लाव." पण त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या पूर्वीसारख्या झाल्या, असं मी म्हणणार नाही. ईशानीला काही देण्याआधी त्या विचारायला लागल्या. "देऊ का?" पाणी असो, दूध असो, पुढे वरणाचं पाणी असो. मी म्हणायची, आई, विचारता काय. तरी विचारायच्या. त्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागायचं.

ईशानी सहाव्या महिन्यानंतर टेकून बसायला लागली तसं दूध टाकणं कमी होत गेलं. नवव्या-दहाव्या महिन्यात कधीतरी ते बंद झालं. नेमकं कधी, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दोऱ्यांवरची दुपटी कमी झाली, एवढंच एक दिवस दिसलं.

पण त्याच्या पुष्कळ आधी, आई परत आल्यावर तीन आठवड्यांनी, मी प्रतापसिंहांना सांगितलं. तोवर घरात सगळं सुरळीत होतं आणि न सांगताही भागलं असतं. आई सांगणार नव्हत्या, कांचनबेन सांगणार नव्हती. मात्र ते जेवताना सहज म्हणायचे, "आई, करजणला एकदम काय गेलीस गं तेव्हा?" आणि आई म्हणायच्या, "असंच." माझ्यासाठी त्यांनी आणखी किती वेळा 'असंच' म्हणायचं?

रविवारी दुपारी ते गॅलरीत बुटांना पॉलिश करत होते. मी शेजारी उभी राहून सगळं सांगितलं. ते वाक्यही. ब्रश त्यांच्या हातात तसाच राहिला.

"कांचनबेनसमोर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ताराचं मी तुला सांगितलं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं होतं."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बूट खाली ठेवले, हात धुतले आणि आत गेले. आई पलंगावर बसल्या होत्या, ईशानी नुकतीच प्याली होती आणि त्यांच्या खांद्यावर होती. कपडे खराब होतात म्हणून ते दूध प्यायल्यावर तिला कधी घ्यायचे नाहीत.

"आई, दे माझ्याकडे," ते म्हणाले.

"आत्ताच प्यालीय रे. तुझा शर्ट…"

"दे. तू पाय पसर जरा."

आईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे, आणि त्यांना कळलं. ईशानीला प्रतापसिंहांच्या हातात देऊन त्यांनी दोन्ही पाय पलंगावर लांब केले. ते त्यांच्या पायाशी बसले. थोड्याच वेळात ईशानीने त्यांच्या पाठीवर गुळणी काढली. दूध शर्टवरून खाली ओघळत गेलं, ते हलले नाहीत. माझ्या हातात दुपटं होतं. पुढे होऊन पुसावं की नाही, मला कळेना, आणि मी दारातच उभी राहिले.